चालू कंडिशन, थोडंसं काम

वर्धा जिल्ह्यात जुना ट्रॅक्टर घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न खरं म्हणजे कुणालाच पडत नाही. घ्यायचा हे आधी ठरतं. प्रश्न नंतर पाडून घ्यावा लागतो, कारण घरचे विचारतात, भाऊबंद विचारतात आणि पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता ज्याचा काडीचा संबंध नाही तोही विचारतो. मग माणूस मिस्त्री गाठतो, चार जाणकार जमवतो, कुणाची तरी जीप मागतो आणि ट्रॅक्टर ‘पाहायला’ जातो. या पाहण्यातून त्याला ट्रॅक्टरबद्दल काही कळून घ्यायचं नसतं. कुण्या शहाण्या माणसानं चारचौघांत “घेऊन टाका काकाजी” म्हणावं, एवढीच अपेक्षा असते.

आमच्या शेजारचे काकाजी देवळी तालुक्यातले सहा एकरांचे कास्तकार. पऱ्हाटी, सोयाबीन, मधे तुरीचे तास. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मनात ट्रॅक्टर बसला. नवा नाही. नव्याला कर्ज, कर्जाला सातबारा, सातबाऱ्याला भावाची सही आणि भावाशी बोलणं बंद. महाडीबीटीवर अर्ज टाकला तर अनुदान मिळतं, पण तेही नव्यालाच. वीस वर्षं नांगर ओढून दमलेल्या ट्रॅक्टरला अनुदान देण्याइतकं सरकार अजून हळवं झालेलं नाही. तेव्हा जुनाच. एका पोट्ट्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. खाली लिहिलेलं होतं, ‘चालू कंडिशन, थोडंसं काम.’ फोटोत ट्रॅक्टरच्या गळ्यात झेंडूचा टवटवीत हार होता. फोटो मे महिन्यात आला होता, म्हणजे हार दसऱ्याचा असणार. पण काकाजींचं मन त्या हारातच अडकलं.

त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे आधी सांगतो. आमची माती काळी. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस झाला की तीच माती चपला ठेवून घेते, माणूस अनवाणी घरी येतो. या दोहोंच्या मधे वाफशाचे दोन-चार दिवस येतात. वखर तेव्हाच चालतो, पेरा तेव्हाच होतो. आणि हे दिवस साऱ्या गावाला एकाच वेळी येतात. गावात ट्रॅक्टर चार, वावरं शंभर. ट्रॅक्टरवाल्याच्या दारात पहाटे पाचला माणसं उभी, आणि ज्याची सोयरीक जवळची त्याचं वावर आधी. काकाजींची सोयरीक सगळी यवतमाळकडची. त्यांचा नंबर लागायचा तेव्हा एक तर माती वाळलेली असायची, नाहीतर पुढचा पाऊस लागलेला. घरचा ट्रॅक्टर पाहिजे, हे त्यांचं म्हणणं त्यामुळं खोडता येत नव्हतं. एकच बारीकशी अडचण होती. दुरुस्तीला आलेलं यंत्र वर्षात कधीही बंद पडू शकतं, पण पडतं ते वाफशाच्याच दिवशी. बाकीचे दिवस ते उभंच असतं. उभ्या उभ्या कशाला बिघडेल?

काकूंनी वहीच्या एका पानावर हिशेब मांडला. सहा एकरांची नांगरटी, वखरणी, पेरणी, सगळं भाड्यानं करून घेतलं तर वर्षाला किती जातात, आणि जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन एकदा बांधायला किती लागतात. दोन आकड्यांत दुसरा मोठा निघाला, तोही ट्रॅक्टरची किंमत न धरता. काकाजींनी ते पान शांतपणे वाचलं, बरोबर आहे म्हणाले, फाडलं आणि त्यात सुपारीची पुडी बांधली.

मग शिष्टमंडळ तयार झालं. गावचा मिस्त्री, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मामाजी, काकाजींचे साळे, मोबाइलवाला पोट्टा आणि मी. मला का घेतलं ते कळलं नाही. बहुधा कागद वाचायला. ऐनवेळी काकाजींचे वडील, म्हणजे आबाजी, धोतर सावरत जीपमध्ये चढून बसले. वय ऐंशीच्या पुढं. “मले कायले ठेवता घरी? मी काय बैल नाई पाह्यले?” एवढं बोलून त्यांनी खिडकी धरली.

ट्रॅक्टर आर्वीकडे होता. पुलगावच्या पुढं जुन्या नॅरोगेज लाइनीची आठवण निघाली. पुलगाव ते आर्वी ही छोटी गाडी कधीच बंद झाली आहे, रूळ झुडपांत शोधावे लागतात. मामाजींनी सांगितलं की तिच्या बहिणीला, यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलेला, 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन होतं आणि ते 1994 पर्यंत गाडी ओढत होतं. झालं. काकाजींना आयताच दाखला मिळाला. “पाहा! सत्तर वर्षं! अन् हा तं फक्त वीसचा हाये.” त्या इंजिनाच्या दिमतीला ड्रायव्हर होता, कोळसा टाकणारा होता, शेडमध्ये तेल-पाणी पाहणारी माणसं होती, आणि इथं सगळ्यांच्या जागी एकटे काकाजी असणार होते, हे मामाजींनी सांगायला तोंड उघडलं; पण तेवढ्यात आर्वी आली.

मालक फाटकात उभा होता आणि त्याच्या मागं ट्रॅक्टर सुरू होता. मामाजींनी रामराम करायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवला.

“गरम हाये.”

“आत्ताच पाण्याची टाकी आणली ना जी,” मालक म्हणाला.

अंगणात टाकी दिसत नव्हती. जुनं डिझेल इंजिन विकणारा माणूस पाहुणे यायच्या अर्धा तास आधी ते सुरू करून ठेवतो, कारण खरी परीक्षा थंड इंजिनाची असते. रिंगा आणि लायनर झिजले की कॉम्प्रेशन धरत नाही, आणि सकाळी सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते तरी इंजिन घेत नाही. एकदा तापलं की मग तेच इंजिन अर्ध्या चावीत उठतं. मामाजी म्हणाले, बंद करा, थंड होऊ द्या, मग सुरू करा. मालक म्हणाला, चहा घ्या. चहा झाला, तर्री-पोहे झाले, मालकाच्या पोरीच्या बारावीची चौकशी झाली. इंजिन काही त्यानं बंद केलं नाही.

मग धूर. या विषयात आमच्याकडे लहान पोरांनाही गती असते. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, पंप-नोझलचं काम. निळा म्हणजे ऑइल जळतं, रिंगा-लायनर गेले. पांढरा, तोही इंजिन तापल्यावर येत असेल तर, कॉम्प्रेशन गेलंय नाहीतर कुठून तरी पाणी शिरतंय. या ट्रॅक्टरनं रेस दिल्याबरोबर पाच मिनिटांत तिन्ही दाखवले. सगळे गप्प झाले. अशा वेळी साळ्यांचा उपयोग होतो. ते म्हणाले, “एक गोष्ट चांगली हाये. लपवत काही नाई.”

मिस्त्रीनं ऑइल टाकायचं झाकण काढलं. आतून धापा टाकत वाफ आली. त्यानं डिपस्टिक काढली, दोन बोटांत ऑइल चोळलं, नाकाजवळ नेलं आणि नुसतंच “हं” म्हणाला. मिस्त्रीच्या या ‘हं’चा अर्थ आजवर कुण्या ग्राहकाला लागलेला नाही. धूर कमी दिसावा म्हणून इंजिनात जाड ऑइल टाकून ठेवणारे असतात, गिअरबॉक्सची घरघर दबावी म्हणून लाकडाचा भुसा टाकणारेही असतात. इथं तसलं काही नव्हतं. मालक बिचारा सरळ होता, किंवा भुसा महाग झाला असेल. तासांचं मीटर हजार-बाराशेच्या मधे कुठंतरी थांबलं होतं. कधीपासून, असं विचारल्यावर मालक म्हणाला, “आम्ही घेतला तवापासून थेच हाये.” हे तो अभिमानानं म्हणाला. हायड्रॉलिक पाहायला नांगर वर उचलला. ‘लिफ्ट एक नंबर हाये’ हे मालकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत नांगर आपोआप खाली येऊन जमिनीला टेकला.

एवढा वेळ आबाजी ट्रॅक्टरभोवती फिरत होते. आमच्या आर्वी, आष्टी, कारंजा, सेलूच्या पट्ट्यात गवळाऊ बैलांचा शौक जुना. कारंज्याजवळ हेटीकुंडीला या गोवंशासाठी सरकारी प्रक्षेत्र आहे. आबाजींचं अर्धं आयुष्य बैलबाजारात गेलं. बैल घेताना ते खूर पाहायचे, खांद्यावरचा घट्टा पाहायचे, शेपटी ओढून पाहायचे, भोवरा कुठं आहे ते पाहायचे आणि शेवटी जबडा उघडून दात मोजायचे. दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळला. दातांवर वय आणि वयावर किंमत. हेच सगळं त्यांनी इथं केलं. मागच्या टायरीचे गट्टे चाचपले, स्टिअरिंग एका बोटानं हलवलं तर ते पाव फेरी मोकळंच फिरलं. ‘मान ढिली हाये,’ ते म्हणाले. मग मिस्त्रीला म्हणाले, “दात दाखव याचे.”

पोट्टा हसला. मिस्त्री हसला नाही. त्यानं मागची एक झाकणी खोलली, टॉर्च धरला आणि आतलं मोठं चाक दाखवलं. त्या चाकाला मिस्त्री लोक बुल गिअर म्हणतात, हा योगायोग माझ्या पदरचा नाही. आबाजींनी चष्मा कपाळावर सरकवून आत डोकावलं. दातांच्या कडा गोल झालेल्या होत्या, एकाचा टवका उडाला होता. आबाजी सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “याले जुळून लय वर्षं झाले बाप्पा. हा आता पोळ्याले सजवाचा, औताले लावाचा नाई.”

त्या अंगणात झालेली तेवढी एकच खरी तपासणी. मामाजींनी मान डोलावली, मिस्त्रीनं झाकणी लावली. काकाजी म्हणाले, “आबाजी, तुमच्या काळात स्पेअर पार्ट मिळत नव्हते.”

मला विचाराल तर, आणि मला कुणी विचारलं नाही, जुनं यंत्र पाहायला गेल्यावर यंत्राकडे अर्धंच लक्ष द्यावं. पाहायचा तो मिस्त्री. तो सायकलच्या अंतरावर राहतो का, हंगामात फोन उचलतो का, त्याच्याकडे त्या मेकचा हात आहे का. आणि पार्ट कुठं मिळतात. एचएमटीचंच घ्या. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून बेतलेला तो 25 एचपीचा 2511. ट्रॅक्टरचा कारखाना बंद करायचं केंद्र सरकारनं 2016 साली ठरवलं, तरी जुन्या एचएमटीचे वेडे अजून आहेत, आणि वेडे आहेत तोवर कुणीतरी कुठंतरी त्याचे पार्ट बनवत राहतं. ज्या मेकचा गावात एकच नग आहे तो मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्याचा नोझल येईपर्यंत सोयाबीन शेंगेवर येतं.

कागदांचं काम माझ्याकडे होतं, म्हणून तेवढं लवकर उरकतो. आरसी एमएच 32 ची, म्हणजे वर्ध्याचीच, हे बरं. पण नाव मालकाच्या वडलांचं, आणि वडील देवाघरी. त्यावर एका फायनान्सचा बोजा. कर्ज फिटलं होतं, एनओसी आणायची राहिली होती. पंधरा वर्षांची नोंदणीची मुदत संपून फेरनोंदणी झालेली नव्हती. म्हणजे वारसाचे कागद, मग एनओसी, मग नूतनीकरण, मग 29 आणि 30 नंबरचे फॉर्म. मी हे सगळं वाचून दाखवलं. मालक म्हणाला, “गाडी तगडी हाये जी. कागद थोडे बिमार हायेत.”

या जिल्ह्यात बसून यंत्राच्या दुरुस्तीवर लिहायचं आणि गांधीजींचा हिशेब सांगायचा नाही, हे बरं दिसणार नाही. ते सेवाग्रामला राहायला येण्याच्या आधीची गोष्ट. अखिल भारत चरखा संघानं 1929 साली सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे 1 लाख. अटी वाचाव्यात अशा होत्या. यंत्र हलकं हवं, झोपडीत हातानं किंवा पायानं चालवता यायला हवं. बाईमाणसाला त्यावर आठ तास फार न थकता काम करता यायला हवं, आणि तेवढ्या वेळात 12 ते 20 नंबरचं 16,000 यार्ड सूत निघायला हवं. किंमत 150 रुपयांच्या आत. 20 वर्षं टिकायला हवं. आणि शेवटी, दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त व्हायला नको.

अशी अट कुठल्या कंपनीच्या माणसाला सुचणार नाही. ज्यानं चरखा रोज स्वतः चालवलाय, ज्याची चात वाकलीय आणि माळ तुटलीय, त्यालाच सुचणार. किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र त्या चढाओढीत उतरलं होतं. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याचं उद्घाटन गांधीजींनी 1938 च्या डिसेंबरात केलं, तऱ्हेतऱ्हेचे चरखे मांडलेले आहेत. जाणाऱ्यानं जरूर पाहावेत. मी तिथं गेलो की प्रत्येक यंत्रापाशी 5 टक्क्यांचा विचार करतो. ही अट काकाजींच्या ट्रॅक्टरला लावून पाहा. दोन लाखांचा ट्रॅक्टर धरला तर वर्षाची मर्यादा दहा हजार. म्हणजे मागची एक टायर बदलली की पुढच्या वर्षाचाही कोटा संपला, आणि इंजिन बांधलं तर कोटा संपायच्या आधी ट्रॅक्टर संपेल. बापूंनी आर्वीच्या त्या अंगणात चहासुद्धा घेतला नसता. बकरीचं दूध विचारलं असतं आणि निघाले असते.

विनोबा तर त्याच्याही पुढं गेले. पवनारला त्यांनी ऋषिशेतीचा प्रयोग केला, त्यात बैलही नव्हते. कुदळ, फावडं आणि माणसाचे हात. पार्ट म्हणजे दांडा. मेंटेनन्स म्हणजे तळहाताचे फोड. काकाजींना मी हे सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “तुमी एक एकर करून दाखवा.” विषय तिथंच मिटला.

पण गांधींचा हिशेब खरा धरला तर आमचं जिनिंगचं हिंगणघाट उभंच राहिलं नसतं, हेही मला दिसतं. जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणारं जे रोलर जिन असतं, त्याची मूळ कल्पना 1840 ची, अमेरिकेतल्या फोन्स मॅकार्थी नावाच्या माणसाची. एक चामड्याचा रोलर फिरतो, त्याला एक पातं टेकून असतं आणि दुसरं पातं वरखाली हलतं. रुई रोलरला चिकटून पुढं जाते, सरकी मागं राहून खाली पडते. यात गूढ काही नाही. चामडं झिजलं, चामडं बदला. पातं बोथट झालं, घासा. बेअरिंग गेलं, दुसरं टाका. एका जिनिंगच्या शेडमध्ये मी एक जिन पाहिलं होतं; त्याचा सांगाडा विलायतेतून आलेला, आजच्या मालकाच्या पणजोबांच्या वेळचा. रोलर स्थानिक, शाफ्ट लेथवर फिरवलेला, पात्यांचे नटबोल्ट तीन वेगवेगळ्या मापांचे, पट्टा कुण्या गिरणीतून आलेला. फिटर म्हणाला, “याच्यात आता जुनं काईच नाई राहिलं, म्हणून तं चालते.” दुरुस्तीचे टक्के काढायला गेलं तर ते 5 नव्हे, 500 निघाले असते, आणि तरी त्या यंत्रानं कितीएक हंगामांची रुई काढली. उघडता येणारं यंत्र आणि न उघडता येणारं यंत्र, एवढाच भेद फिटर मानतो. हल्ली नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत सेन्सर आले आहेत; त्यांच्या पुढ्यात आमचा मिस्त्री पाना हातात घेऊन उभा राहतो आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत खर्रा खातो. काकाजींच्या जुन्या ट्रॅक्टरच्या बाजूनं एवढं एकच मी बोलू शकतो. तो उघडता येत होता. रोज.

सौद्याला वळू. बैलबाजारात किंमत दुपट्ट्याखाली ठरायची. विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं कापडाआड एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. बघणाऱ्याला आकडा कळायचा नाही. ट्रॅक्टरच्या सौद्यात दुपट्टा नसतो, त्यामुळं सगळं गाव बोलतं. मालकानं अडीच सांगितले. मामाजींनी दीड म्हटले. साळ्यांनी ‘लोखंडाचीच किंमत एवढी होते’ असं मालकाच्या बाजूचं वाक्य चुकून मोठ्यानं म्हटलं. मिस्त्री काहीच बोलत नव्हता. तोच खरा मुरब्बी. ट्रॅक्टर कितीलाही गेला तरी त्याच्याच शेडमध्ये येणार, हे त्याला ठाऊक होतं. शेवटी बॅटरीवर गाडी अडली. मालक म्हणाला, बॅटरी मी नवीन टाकली, ती काढून घेईन. काकाजी म्हणाले, मग मी नेऊ कसा? मालक म्हणाला, ढकलून सुरू होते ना जी. अर्धा तास बॅटरीवर गेला, आणि बॅटरी मिळाली या आनंदात ट्रॅक्टरच्या किमतीवर पुन्हा कुणी बोललंच नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळं सौदा पक्का झाल्यावरची बैठकही कागदोपत्री चहावरच झाली.

“घेऊन टाका काकाजी,” असं नेमकं कोण म्हणालं, यावर नंतर बराच वाद झाला. मामाजी म्हणतात साळे, साळे म्हणतात मिस्त्री. पोट्ट्याच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे, पण त्यात फक्त इंजिनाचा आवाज येतो.

पुढचं थोडक्यात. पंप-नोझल झाले, क्लच प्लेट झाली, रेडिएटरला डाग देऊन झाला. बुल गिअर नागपूरच्या कबाडीतून आला, तो दुसऱ्या मॉडेलचा निघाला, परत गेला. मृगात पाऊस वेळेवर झाला, वाफसा आला आणि ट्रॅक्टर मिस्त्रीच्या शेडमध्ये पोट उघडं टाकून होता. काकाजी पहाटे पाचला भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभे राहिले. यंदा त्यांचा नंबर बराच आधी लागला; ट्रॅक्टरवाला आता त्यांना धंद्यातला माणूस समजत होता.

याच सुमारास काकूंच्या बचत गटाला डाळमिल पाहिजे होती. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली ती छोटी पीकेव्ही मिल, तसल्या बनावटीची. समुद्रपूरकडे एकाकडे वापरलेली होती. काकाजींनी आपला ताजा अनुभव पुढं केला. “पयले धूर पाह्यजा.” काकू म्हणाल्या, “मोटारीवर चालते थे.” “मंग आवाज आयकजा.” काकूंनी हो म्हटलं.

गटाच्या चौघी बसनं गेल्या. सोबत जाणकार नव्हता, मिस्त्री नव्हता. दोन पिशव्यांत 20 किलो तूर होती, भिजवून उन्हात वाळवलेली. शिवाय चाळणी, सूप आणि काटा. मालकानं मिलची तारीफ सुरू केली तेव्हा त्यांतल्या एकीनं पदर खोचून तूर वरून टाकायला घेतली. रोलरच्या वरचा एमरीचा खरखरीत थर घासून तुरीचं टरफल निघतं. तो थर झिजला की दाणा नुसता गरगर फिरतो, किंवा दाब वाढवला तर फुटतो. मिल तासभर चालली. खाली आलं ते चौघींनी चाळलं, पाखडलं, वेगवेगळं केलं आणि काट्यावर घातलं. डाळ 11 किलो. घरच्या हिशेबानं 14 तरी पाहिजे होती. चुणी फार, टरफल न निघालेले गोटे मूठ-मूठ भरून. एकीनं डाळीचा दाणा उजेडात धरून कडा पाहिल्या आणि दुसरीला दाखवला. दुसरीनं मान हलवली. त्या अंगणात कुणी ‘हं’ म्हटलं नाही.

“थोडंसं काम हाये,” मालक म्हणाला. “रोलरले थर मारला का नवी होते.”

“मंग मारून ठेवा,” काकू म्हणाल्या. “आमी येतो पुना तूर घेऊन.”

त्यांनी डाळ एका पिशवीत भरली. चुणी गाईला होते म्हणून दुसऱ्या पिशवीत. टरफलही सोडलं नाही. चौघी उठल्या तेव्हा मालकाच्या ध्यानात आलं की तासभर मोटार त्याच्या मीटरवर चालली आहे.

“अन् डाळ काढाचे पैसे?”

काकूंनी सुपातली उरलेली कणी पिशवीत झटकली.

“किमतीत धरून घेजा,” त्या म्हणाल्या, “मशीन घेऊ तवा.”